गीता सुरू कुठून होते?

गीतेचे श्लोक 700, पण शंकराचार्यांचं भाष्य पहिल्या श्लोकापासून सुरू होत नाही. पहिला अध्याय आणि दुसऱ्यातले सुरुवातीचे श्लोक ते थोडक्यात आटोपतात. दुसऱ्या अध्यायाच्या अकराव्या श्लोकात कृष्ण अर्जुनाच्या शोकाला उत्तर देऊ लागतो, तिथे ते खरी बैठक मारतात. शोक-मोह हे संसाराचं बीज, ते जळतं ज्ञानाने, आणि ज्ञानाची वाट कर्मसंन्यासातून जाते. आचार्यांचा सगळा सिद्धान्त या एका निवडीत आला. रणांगण मागेच राहिलं.

नंतरच्या आचार्यांनी याच श्लोकांतून वेगळे निकाल काढले. शेवटच्या अध्यायातला सर्वधर्मत्यागाचा श्लोक शंकराचार्यांना कर्म सोडायला सांगतो. रामानुजांच्या मते कर्म करायचंच, सोडायचं ते फळ आणि कर्तेपण. मध्वांनी जीव आणि ईश्वर यांचा भेद कायम ठेवून गीता लावली.

मराठीत शके 1212 मध्ये, नेवाशाला ज्ञानेश्वरी झाली. भाष्यकारांना वाट पुसत निघालो, असं ज्ञानदेव सांगतात खरे, पण शंकराचार्यांनी ओलांडलेल्या पहिल्या अध्यायावर ते मनसोक्त रेंगाळतात. सतराव्या शतकात वामनपंडितांनी आपल्या टीकेला ‘यथार्थदीपिका’ हे नाव दिलं. बाकीच्यांना टोला नावातच आहे!

खरी खडाजंगी झाली ती टिळकांमुळे. मंडालेच्या तुरुंगात 1910-11 च्या हिवाळ्यात पेन्सिलीने लिहिलेलं ‘गीतारहस्य’ 1915 मध्ये छापून आलं. ग्रंथाचं तात्पर्य ठरवायच्या मीमांसकांच्या कसोट्या टिळकांनी सुरुवातीलाच पुढे ठेवल्या: उपक्रम, उपसंहार, अभ्यास, फल वगैरे. या कसोट्या जुन्या आचार्यांनाही मान्य होत्या. टिळकांनी त्या त्यांच्यावरच उलटवल्या. उपक्रम काय? अर्जुन लढायला नकार देतो. उपसंहार? मोह गेला, सांगशील ते करतो, असं म्हणून तो उभा राहतो. मध्ये पुन्हा पुन्हा काय येतं? म्हणून लढ. मग ज्ञान झाल्यावरही लोकसंग्रहासाठी कर्म करत राहणं, हेच गीतेचं सांगणं ठरतं. विष्णुशास्त्री बापटांसारख्या शांकरमताच्या पंडितांना हे पटणं शक्यच नव्हतं. पण उपक्रमाचा मुद्दा मला तरी बिनतोड वाटतो. ग्रंथ कुठे सुरू होतो हे भाष्यकाराने ठरवायचं नसतं.

विनोबा या वादात फारसे पडले नाहीत. 1932 मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी दर रविवारी एक अशी 18 प्रवचनं दिली, ती साने गुरुजींनी उतरवून घेतली. आज घराघरांत टिळकांच्या जाडजूड ग्रंथापेक्षा या प्रवचनांचं छोटं पुस्तक आणि विनोबांचा गीतेचा मराठी अनुवाद ‘गीताई’ हेच जास्त वाचलं जातं.

टिळकांना सर्वांत अवघड प्रश्न विचारला तो डॉ. आंबेडकरांनी, आणि तोही मीमांसेच्याच अंगणातून. जैमिनीच्या मीमांसाशास्त्रात कर्म म्हणजे यज्ञयागादी विहित कर्म. गीतेतल्या कर्माचा तोच अर्थ सोडून टिळकांनी ‘कोणतीही कृती’ असा मोकळा अर्थ कुठून आणला? बाबासाहेबांच्या मते बौद्ध विचाराने खिळखिळं केलेलं कर्मकांड आणि चातुर्वर्ण्य यांना तात्त्विक टेकू देण्यासाठी गीता आली. म्हणजे ज्या शास्त्राच्या कसोट्यांवर टिळक जिंकले, त्याच शास्त्रातल्या अर्थावर त्यांची अडवणूक झाली. हे लेखन बाबासाहेबांच्या हयातीत छापलं गेलं नाही. महाराष्ट्र शासनाने ते 1987 मध्ये इंग्रजी खंडांत प्रसिद्ध केलं. तोवर टिळक जाऊन सदुसष्ट वर्षं झाली होती, त्यामुळे वाद समोरासमोर झालाच नाही.

तो वाचकालाच लावून घ्यावा लागतो. ‘गीतारहस्या’चं पहिलं प्रकरण आणि बाबासाहेबांचा गीतेवरचा निबंध एका बैठकीत, पाठोपाठ वाचा. आधी कोणतं घ्यायचं ते तुम्ही ठरवा.