तेलाचा लाल दिवा

आता गावोगाव पिकअप गाड्या झाल्या आहेत. गाडी हाकणारी पोरे पुष्कळ आहेत. पण गाडीतले दिवे वाचणारी थोडी. त्यातला एक दिवा आज आपण वाचू या.

हा दिवा लाल असतो. लांब चोचीच्या झारीचे चित्र त्यावर असते. चोचीतून तेलाचा थेंब पडताना दिसतो.

आमचा पुतण्या टोमॅटो घेऊन बाजाराला निघाला होता. वाटेत हा दिवा लागला. तो मनात म्हणाला, "तेल तर कालच भरलंय. बाजार चार किलोमीटर राहिला. जाऊ तसंच." आपण डिझेललाही तेलच म्हणतो ना, तिथेच घोटाळा झाला! थोड्याच वेळात खडखड आवाज आला. इंजिन जाम झाले. टोमॅटो उन्हात राहिले. त्या हंगामाची सारी कमाई इंजिनात गेली.

असे का झाले? बैलगाडीच्या आखाला आपण वंगण घालतो. ते सुकले की चाक कुरकुरते. इंजिन आधी कुरकुरत नाही. त्याच्या पोटात लोखंडी दांडा मिनिटाला हजारो वेळा फिरतो. दांडा आणि त्याची बैठक यांच्यामध्ये तेलाचा पातळ थर असतो. खालच्या चेंबरमधले तेल पंप दाबाने तिथे पोचवतो. दाब गेला की थर तुटतो. धातूवर धातू घासतो, तापतो आणि चिकटतो.

हा लाल दिवा दाब गेल्याचे सांगतो. तेही अगदी शेवटी सांगतो. डिझेल संपत आल्याचा दिवा लागला तर पंपापर्यंत जाता येते. इथे एक किलोमीटरही जाऊ नका.

गाडी कडेला सपाट जागी घ्या. इंजिन लगेच बंद करा. पाच-दहा मिनिटे थांबा, म्हणजे तेल खाली उतरेल. मग तेल मोजायची पट्टी काढा. फडक्याने पुसा, परत घाला, परत काढून पाहा. तिच्यावर दोन खुणा असतात. तेल त्यांच्या मध्ये हवे. कमी असेल तर गाडीच्या पुस्तकात सांगितलेले तेल थोडे थोडे घाला. वरच्या खुणेच्या वर मात्र नको. जास्त तेल दांडा ताकासारखे घुसळतो, त्याचा फेस होतो. फेसाने वंगणाचे काम होत नाही. गाडीखालीही वाकून पाहा. दगड लागून चेंबर फुटले असेल, तर तेल ठिबकताना दिसेल.

गळती नसेल तर इंजिन चालू करा. चार-पाच सेकंदांत दिवा विझला पाहिजे. विझला नाही तर इंजिन बंद करून मेकॅनिकला बोलवा. पंप झिजला असेल, जाळी तुंबली असेल. कधी दाब ओळखणारे बटणच बिघडते. पण "दिवाच खोटा आहे" हे आपण ठरवू नये. मेकॅनिक दाब मोजून ठरवील. चढावर किंवा वळणावर दिवा नुसता लुकलुकला, तरी पट्टी काढून बघाच.

आणखी एक. सकाळी किल्ली फिरवली की, इंजिन चालू होण्याआधी हा दिवा लागलाच पाहिजे. नाही लागला तर दिवा गेला आहे, नाही तर तार तुटली आहे. आम्हाला तर अशा मुक्या दिव्याची जास्त भीती वाटते. पुतण्या आता रोज किल्ली फिरवतो, आधी ती झारी शोधतो, मग इंजिन चालू करतो.