गिरणीत विणलेली परी

युरोपीय बॅलेच्या पोशाखाचा इतिहास बहुधा चित्रकार, कवी आणि नर्तिका यांच्या नावांनी सांगितला जातो. परंतु नर्तिकेचा घागरा आखूड का होत गेला, तो दीर्घकाळ पांढराच का राहिला आणि विसाव्या शतकात अनेक नृत्यनाट्यांतून तो पार नाहीसा का झाला, या प्रश्नांची बरीचशी उत्तरे कापडगिरण्या, गॅसचे दिवे आणि रासायनिक प्रयोगशाळा यांच्या इतिहासात सापडतात.

प्रारंभी हा पोशाख म्हणजे दरबारी वेशाचेच अधिक भपकेबाज रूप होते. १६५३ साली फ्रान्सचा चौदावा लुई वयाच्या चौदाव्या वर्षी 'बॅले द ला न्युई'मध्ये सूर्याच्या रूपात अवतरला, तेव्हा पाहणाऱ्यांनी नृत्यापेक्षा राजसत्तेचे तेज पाहावे असाच त्या सोनेरी वेशाचा हेतू होता. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तिका १६८१ पासून दिसू लागल्या; पुरुष कमरेभोवती 'तोनले' नावाचा ताठ, आखूड घेर बांधत आणि चेहऱ्यावर मुखवटा चढवत, तर स्त्रियांच्या घागऱ्याखाली नितंबांच्या दोन्ही बाजूंना फुगारा देणारे सांगाडे असत. या व्यवस्थेला पहिले धक्के दिले ते दोन नर्तिकांनी, आणि दोघींची कारणे भिन्न होती. मारी कामार्गोने घागऱ्याची किनार घोट्याच्या वर घेतली, कारण तिच्या चपळ पदन्यासातच तिचे सामर्थ्य होते. मारी साले हिने मात्र १७३४ मध्ये लंडनला 'पिग्मालियन' सादर करताना सांगाडा टाकून, केस मोकळे सोडून साधी मलमल नेसली, कारण तिला भावाभिनय हवा होता. नृत्यरचनाकार नोव्हेर याने १७६० च्या आपल्या ग्रंथात मुखवटे आणि तोनले यांवर कठोर टीका केली, तरी मुखवटा मागे पडण्यास आणखी दशकभर लागले.

खरी क्रांती घडली ती १२ मार्च १८३२ रोजी पॅरिसमध्ये, 'ला सिल्फीद' या बॅलेच्या पहिल्या प्रयोगात. मारी ताल्योनी हिने साकारलेली ही वायुकन्या पांढऱ्या, घंटेच्या आकाराच्या, पोटऱ्यांच्या मध्यापर्यंत येणाऱ्या घागऱ्यात वावरत होती आणि त्या वेशाचे श्रेय परंपरेने चित्रकार उजेन लामी याला दिले जाते. ही परी यंत्रयुगापासून दूर पळू पाहणाऱ्या मनाची निर्मिती होती असे समीक्षक म्हणतात, आणि ते खोटे नाही. परंतु तिचे शरीर मात्र त्याच यंत्रयुगाने घडवले होते. या वेशांसाठी लागणारी तलम सुती कापडे आता इंग्लंडच्या गिरण्यांतून स्वस्तात आणि मुबलक मिळत होती (याच गिरण्यांच्या मालाने त्या सुमारास ढाक्याच्या मलमलकरांचा धंदा बुडवला होता, हेही येथे विसरता येत नाही). ट्यूल, म्हणजे षट्कोनी छिद्रांची तलम जाळी, यंत्रावर विणण्याची युक्ती जॉन हीथकोट याने १८०८-०९ च्या सुमारास पेटंट केली होती. १८१६ मध्ये यंत्रविरोधी लडाइट कामगारांनी त्याचा लफबरो येथील कारखाना फोडला, तेव्हा तो आपला उद्योग घेऊन डेव्हन परगण्यातील टिव्हर्टनला गेला. पॅरिस ऑपेरात १८२२ पासून गॅसचे दिवे होते. त्यांच्या मंद करता येणाऱ्या प्रकाशात रंगीत रेशमापेक्षा पांढऱ्या विरळ कापडाचे थर अधिक धूसर, अधिक चांदण्यासारखे भासत. पांढऱ्या रंगाची ही आवड इतकी फोफावली की पुढे तेओफील गोतिए यानेच पांढऱ्या जाळीच्या अतिवापराची तक्रार केली, आणि हा गोतिए म्हणजे १८४१ च्या 'जिझेल'चा सहलेखक!

विरळ कापड, त्यातून खेळणारी हवा आणि उघडी ज्योत यांचा संयोग काय करतो हे लवकरच दिसू लागले. १८४४ च्या डिसेंबरमध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर रंगमंचावरच होरपळली आणि काही दिवसांत मरण पावली. तुरटीसारख्या क्षारांच्या द्रावणात कापड भिजवून ते आगीस दाद देणार नाही असे करण्याची कार्तरों याची पद्धत फ्रान्समध्ये १८५९ च्या शाही हुकुमाने सक्तीची झाली खरी, पण त्या द्रावणाने कापड पिवळट आणि ताठ होई. ताल्योनीची लाडकी शिष्या एमा लिव्री हिने असे कापड वापरण्यास नकार दिला. ताल्योनीने तिच्यासाठी १८६० मध्ये रचलेल्या 'ल पापियों'मध्ये फुलपाखरू झालेल्या नायिकेचे पंख मशालीच्या ज्योतीने जळतात. १५ नोव्हेंबर १८६२ रोजी एका ऑपेराच्या तालमीत, घागऱ्याचे थर सारखे करताना लिव्रीचा पोशाख गॅसच्या ज्योतीवर पेटला आणि २६ जुलै १८६३ रोजी, विशीतच, तिचा अंत झाला. या नकाराला केवळ हट्ट म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे ठरेल. ज्या हलकेपणासाठी प्रेक्षक तिकीट काढत होते तोच हलकेपणा ते द्रावण हिरावून घेत होते, आणि त्याची जोखीम मात्र एकट्या नर्तिकेच्या अंगावर होती.

त्यानंतरच्या दशकांत घागरा गुडघ्याच्या वर चढला तो इटालियन नर्तिकांच्या तंत्रामुळे. ताल्योनीच्या बुटाची साटीन केवळ रफूच्या टाक्यांनी कडक केलेली असे. पुढे कापड आणि कागदाचे थर खळीने चिकटवून बुटाचे टोक टणक केले गेले, आणि अंगठ्यांच्या टोकावर उभे राहून एकामागून एक गिरक्या घेणे शक्य झाले. १८८५ मध्ये सेंट पीटर्सबर्गला आलेल्या व्हिर्जिनिया झुक्की हिने आखूड घागऱ्याचा आग्रह धरला. दहा वर्षांनी तेथेच 'स्वान लेक'मध्ये पिएरिना लेन्यानीने घेतलेल्या बत्तीस गिरक्या पायघोळ वस्त्रात प्रेक्षकांना नीट दिसल्याच नसत्या. पुरुषांच्या वाट्याला ही मोकळीक सहजी आली नाही: १९११ मध्ये 'जिझेल'साठी घट्ट विणीच्या विजारीवर प्रथेप्रमाणे आखूड चड्डी न घालता उतरलेल्या नर्तक निजिन्स्कीला रशियाच्या शाही नाट्यगृहाची नोकरी गमवावी लागली. द्यागिलेवच्या 'बॅले रूस' मंडळीने चित्रकार बाक्स्तच्या भडक पौर्वात्य रंगांनी १९१० च्या 'शेहेराझाद'मध्ये पॅरिसची फॅशनच बदलली, हे सर्वश्रुत आहे. १९२४ च्या 'ल त्रँ ब्ल्यू'मध्ये तर कोको शानेलने नर्तकांना चक्क पोहण्याचे आणि खेळाचे कपडे चढवले.

न्यूयॉर्कमध्ये वेशकार बार्बारा करिन्स्का हिने १९५० मध्ये 'सिम्फनी इन सी'साठी घेरातील तारेची कडी काढून टाकली आणि आखूड जाळीचे थर सैलसर टाचून घागरा मऊ केला, त्यामुळे नर्तिका जवळजवळ उभ्या राहिल्या तरी त्यांचे घेर एकमेकींना ढकलत नसत. त्याच सुमारास तिचा सहकारी, नृत्यरचनाकार बॅलन्शीन याने 'द फोर टेम्परामेंट्स'चा १९४६ चा बोजड चित्रकारी पोशाख १९५१ मध्ये रद्द करून नर्तकांना तालमीच्या कपड्यांत उभे केले, आणि १९५७ च्या 'अगॉन'मध्ये हाच काळा-पांढरा वेश कायम झाला. ड्यूपाँ कंपनीच्या प्रयोगशाळेत १९५८ मध्ये तयार झालेल्या, पुढे 'लायक्रा' नावाने विकल्या गेलेल्या ताणदार धाग्याने या वेशाला गुडघ्यावर सुरकुती न पडणारी, अंगाला घट्ट बसणारी घडण दिली. मात्र अंगाच्या रंगाचा म्हणून जो गुलाबी मोजा आणि बूट सर्वत्र गृहीत धरला गेला, तो गोऱ्या त्वचेचाच होता. १९६९ मध्ये स्थापन झालेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने सत्तरच्या दशकात प्रत्येक नर्तिकेच्या वर्णाशी जुळणारे मोजे आणि बूट रूढ केले, परंतु बाजारात तसे बूट तयार मिळत नसल्याने अनेक कृष्णवर्णीय नर्तिका साटीनवर स्वतःच्या हाताने चेहऱ्याचा रंगलेप चोपडत राहिल्या. लंडनच्या 'फ्रीड' या बूट बनवणाऱ्या कंपनीने 'बॅले ब्लॅक' या मंडळीच्या सहकार्याने तपकिरी छटांचे बूट विक्रीस आणले ते २०१८ मध्ये.