कॅन्डिडाची कात्री : रोम, पुणे, नांदेड

अंगावरून पांढरे जाते, खाज थांबत नाही, हे बाई डॉक्टरला सांगते ते बहुधा फार उशिरा आणि दबक्या आवाजात. त्यामागे अनेकदा कॅन्डिडा अल्बिकन्स नावाचे यीस्ट असते. तान्ह्या बाळाच्या जिभेवरचा पांढरा थरही त्याचाच. एरवी ते बहुतेकांच्या तोंडात, आतड्यात निमूट राहते. प्रतिजैविके, मधुमेह किंवा एड्सने तोल ढळला की पसरते. अतिदक्षता विभागात कॅन्डिडा थेट रक्तात उतरते. भारतातील २७ अतिदक्षता विभागांच्या, २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत असे १४०० रुग्ण आढळले. त्यांत सर्वाधिक वाटा अल्बिकन्सचा नव्हे, तर त्याच्या ट्रॉपिकॅलिस या भावंडाचा होता.

अल्बिकन्स ऊतींत शिरते कसे? श्टाइब या संशोधकांनी १९६५ मध्ये दाखवले, की ते रक्तद्रवातली प्रथिने फोडून त्यांतला नायट्रोजन वापरते. यामागची विकरे म्हणजे अ‍ॅस्पार्टिल प्रोटिएज, संक्षेपाने ‘सॅप’. अल्बिकन्सकडे त्यांची दहा जनुके आहेत. केराटिन, कोलॅजन, श्लेष्मातले म्युसिन, एवढेच नव्हे तर आपली प्रतिपिंडेसुद्धा ही कात्री कापते. योनीतली आम्लता सॅप-२ला विशेष मानवते.

जठरातले पेप्सिन, रक्तदाबाशी निगडित रेनिन आणि एचआयव्हीचे प्रोटिएज याच कुळातले. म्हणूनच रोमच्या संशोधकांनी १९९९ मध्ये एचआयव्हीवरची औषधे कॅन्डिडावर वापरून पाहिली आणि उंदरांतला योनिसंसर्ग त्यांनी आटोक्यात आला.

पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत हे कूळ आधीपासून अभ्यासाखाली होते. माला राव, अपर्णा टंकसाळे, मोहिनी घाटगे आणि वासंती देशपांडे यांचा सूक्ष्मजीवांच्या प्रोटिएजवरचा १९९८चा आढावा जगभर संदर्भासाठी वापरला जातो. पुढे २००१ मध्ये राव यांच्या गटाने एका बॅसिलस जिवाणूपासून मिळवलेला पेप्टाइड एचआयव्हीचे प्रोटिएज रोखतो, हे दाखवले. मात्र असा रोधक पेप्सिनलाही अडवतो. औषधाची खरी अडचण इथेच आहे : बुरशीचे विकर थांबवताना माणसाचे वाचवायचे कसे?

त्यातच कात्रीवरचा आरोप सैल पडू लागला. वुर्झबर्गच्या संशोधकांनी २००८ मध्ये सॅप-१ ते ६ काढून टाकलेले वाण प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी उपकलेवर सोडले. ते तरीही आत शिरले. २०१६ मध्ये ‘कॅन्डिडालायसिन’ हे पेशींना भोके पाडणारे विष सापडले. अवघ्या ३१ अमिनो आम्लांचे हे विष एका लांब प्रथिनातून सुटे होते, आणि तिथेही एक प्रोटिएज लागतेच : केक्स-२, बुरशीच्या स्वतःच्या पेशीतले. सॅप विकरे निर्दोष ठरली असे नव्हे. प्रतिपिंडे कापणे आणि अन्न मिळवणे ही त्यांची कामे उरतातच.

कॅन्डिडालायसिन काय किंवा सॅप-४ ते ६ काय, यीस्ट गोल रूप सोडून तंतू धरते तेव्हाच मुख्यत्वे बनतात. त्यामुळे नांदेडच्या स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात मोहन करुप्पयिल यांच्या गटाने धरलेली दिशा मोलाची वाटते : बुरशी मारण्याऐवजी तिचे तंतुरूपच अडवायचे. त्यांनी २०१३ मध्ये वनस्पतींतली २८ टर्पिनॉइड द्रव्ये तपासली. धण्याच्या तेलातले लिनालूल त्यांतलेच एक.