अठराचे सोळा कशासाठी?

ब्रिटिश सरकारने जुलै २०२५ मध्ये मतदाराचे वय अठरावरून सोळावर आणण्याचा आपला मनोदय जाहीर केला. तेव्हा ‘मग आपणच मागे का?’ असा प्रश्न आमच्याकडील उत्साही मंडळींच्या मनात उभा राहिल्यास त्यात नवल नाही. दाखले हवे तितके आहेत. ऑस्ट्रियाने २००७ मध्ये सोळा वर्षांच्या मुलास मत दिले. ब्राझीलने १९८८ च्या राज्यघटनेत सोळा ते अठरा या वयाच्या मुलांस ते ऐच्छिक ठेविले. स्कॉटलंडमध्ये २०१४ च्या सार्वमतात सोळा वर्षांच्या मुलामुलींनीही देशाच्या भवितव्याचा कौल दिला. परंतु परदेशचा दाखला म्हणजे प्रमाण नव्हे, हे वकिली करणारास पहिल्याच वर्षी शिकावे लागते. सोळाचे मत आम्हांस तूर्त मान्य नाही. ते का, याची कारणे आम्ही येथे मांडीत आहो. आणि ती नेहमीची नाहीत.

‘पोरांना काय कळते?’ या आक्षेपास आम्ही कवडीचीही किंमत देत नाही. मताधिकाराची कक्षा रुंदावण्याची गोष्ट निघाली की हा आक्षेप दर वेळी नवा अंगरखा घालून दारात उभा राहतो. १९३५ च्या कायद्याखाली मत होते ते मुख्यत्वे सारा भरणाऱ्यास, मिळकतदारास आणि शिकलेल्यास; म्हणजे जेमतेम तीन-साडेतीन कोटी लोकांस. उरलेल्यांस ‘कळत नव्हते’! पुढे घटनासमितीने एकवीस वर्षांवरील प्रत्येक स्त्रीपुरुषास मत दिले, तेव्हाही नाके मुरडणाऱ्यांची वाण पडली नाही. तथापि १९५१-५२ च्या निवडणुकीत यादीवर सतरा कोटींहून अधिक मतदार आले, त्यांतील बहुसंख्य निरक्षर होते, त्यांनी चिन्ह ओळखून पेटीत मत टाकिले आणि राज्य बुडाले नाही. त्याच निवडणुकीत सुमारे २८ लाख स्त्रियांची नावे मात्र यादीतून गळाली. कारण त्यांनी स्वतःचे नाव न सांगता ‘अमक्याची बायको’, ‘तमक्याची आई’ एवढेच सांगितले होते. घटनेने दिलेले मत यादीने काढून घेतले. या गोष्टीकडे आम्हांस पुढे पुन्हा वळावयाचे आहे.

कायद्यातील वय हे काही निसर्गाने कोरून ठेविलेले नसते. त्याच्या आकड्यावरून भांडण्याची हौस महाराष्ट्रास जुनी आहे. १८९१ साली संमतिवयाचे दहाचे बारा करावयाचे होते, तेव्हा पुण्यात किती रणे माजली हे वाचकांस ठाऊक आहेच. तेव्हा आकडा बदलू नये असे आमचे म्हणणे नाही. तो कोणत्या तत्त्वावर बदलावा, एवढाच वाद आहे.

एकविसाचे अठरा झाले त्यास तत्त्व होते. १८७५ च्या सज्ञानतेच्या कायद्याने अठराव्या वर्षी मनुष्य सामान्यतः सज्ञान ठरतो. तो शेत विकू शकतो, कर्जरोखा लिहून देऊ शकतो, स्वतःच्या नावाने कोर्टात फिर्याद लावू शकतो. असे असता १९५० पासून १९८९ पर्यंत हाच सज्ञान मनुष्य आपला आमदार निवडण्यापुरता मात्र अज्ञान! ही विसंगती ६१ व्या घटनादुरुस्तीने २८ मार्च १९८९ पासून दूर केली, हे योग्यच झाले. (वय उतरविणाऱ्याच्या ओटीत तरुणांची मते आपोआप पडतात असे ज्यांस वाटते त्यांनी एवढे ध्यानात ठेवावे, की ज्या सरकारने ही दुरुस्ती केली त्यास त्याच वर्षाअखेर सत्ता सोडावी लागली.) परंतु ज्या तत्त्वाने एकवीस चूक ठरले त्याच तत्त्वाने सोळाही चूक ठरते. ज्याने लिहून दिलेला करार कायदा रद्दबातल समजतो, त्याने दिलेले मत मात्र साऱ्या देशावर बंधनकारक, ही विसंगती पहिलीच्या उलट असली तरी विसंगतीच होय.

यावर लष्कराचा दाखला पुढे येईल. अमेरिकेत अठरा वर्षांच्या मुलांस व्हिएतनामच्या लढाईवर धाडीत होते आणि मत एकविसाव्या वर्षी देत होते. हा अन्याय १९७१ च्या सव्विसाव्या घटनादुरुस्तीने संपला. आमच्याकडे २०२२ च्या अग्निपथ योजनेत साडेसतरा वर्षांचा मुलगा भरती होऊ शकतो. म्हणजे देशासाठी मरण्यास तो पात्र, मतास अपात्र! युक्तिवाद जोरकस आहे, यात संशय नाही. पण त्यातून निष्पन्न काय होते? अज्ञान मुलास रणांगणाची वाट दाखवू नये, हे. मतपेटी खाली ओढावी हे नव्हे. भरतीचे वय सहा महिन्यांनी वाढवावे, म्हणजे विसंगती मिटेल.

दुसरा प्रतिपक्ष याहून कठीण आहे. सोळा वर्षांचा मुलगा बापाच्या ताटाखाली आणि मास्तरच्या छडीखाली वाढतो, त्याचे मत त्याचे नसेल, असे म्हणावे तर हेच शब्द एके काळी स्त्रियांच्या मताविरुद्ध वापरले गेले होते. नवरा सांगेल तेथे ती मत देईल, असे म्हणणारे थोडे नव्हते. मग आमच्या म्हणण्यात आणि त्यांच्यात फरक तो कोणता? फरक हा, की स्त्रीस मत नाकारणे म्हणजे तिला जन्मभर अज्ञान ठरविणे होते. मुलाचे अज्ञानत्व दोन वर्षांत आपोआप सरते; ते कोणा जातीचे, लिंगाचे वा वर्गाचे लांछन नव्हे. प्रत्येक नागरिक त्यातून जातो आणि बाहेर पडतो.

पण आमचा खरा आक्षेप याहून वेगळा आहे. अठरा वर्षे हा आकडा केवळ हक्काची पायरी नाही; तो मुलांच्या भोवतीचे कुंपणही आहे. २०१२ च्या बालकांच्या लैंगिक अत्याचारविरोधी कायद्यात अठराखालील प्रत्येक जण बालक होय, आणि कज्जेदलालांच्या गोड बोलण्यावर त्याची मिळकत जाऊ नये म्हणून करारही निष्फळ ठरतो. त्या कुंपणास एक भगदाड आधीच पडले आहे. बालन्यायाच्या २०१५ च्या कायद्याने सोळा ते अठरा वर्षांच्या मुलावर, अपराध अतिघोर असल्यास आणि प्राथमिक चौकशीत मंडळास तसे दिसल्यास, प्रौढाप्रमाणे खटला चालविण्याची मुभा दिली. उद्या सोळाव्या वर्षी मत दिले, तर सरकारी वकील न्यायासनापुढे उभा राहून म्हणेल, “ज्यास राज्य चालविणारे निवडण्याइतकी अक्कल आहे, त्यास बरेवाईट कळत नाही हे कसे?” त्या वकिलास उत्तर देणे आम्हांस तरी जड जाईल. जी सवलत चार शहरी, शिकलेल्या घरांतील मुलांस भूषण वाटेल, तिची किंमत तुरुंगाच्या दाराशी उभ्या असलेल्या गरिबाच्या मुलास मोजावी लागेल.

तेव्हा अठरा असोत. पण ते अठरा तरी खरोखर अठरा आहेत काय? २०२२ पर्यंत मतदारयादीस वर्षातून एकच तारीख होती, १ जानेवारी. २ जानेवारीस अठरा पुरी करणारा तरुण जवळजवळ आणखी एक वर्ष बाहेर उभा राही. २०२१ च्या दुरुस्तीने १ ऑगस्ट २०२२ पासून जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबर या चार महिन्यांच्या पहिल्या तारखा ठरविल्या. उशिराने का होईना, शहाणपण सुचले. इतके करूनही २०२४ च्या लोकसभेच्या वेळी अठरा-एकोणीस वर्षांचे जे मतदार यादीवर होते ते १ कोटी ८० लाख. त्या वयाच्या लोकसंख्येच्या अंदाजाशी ताडून पाहता हे निम्म्याहूनही कमी भरतात. निम्म्याहून अधिक तरुणांस कायद्याने मत दिले आणि यादीने दिले नाही. १९५२ च्या त्या निनावी स्त्रियांप्रमाणेच हे.

आणि हे गळालेले कोण? बीड जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीस निघणारा पोरगा. गाव लातूर, कॉलेज पुणे आणि खोली दर वर्षी नवी, अशी विद्यार्थिनी. लग्न होऊन सासरी आलेली आणि माहेरच्या यादीतून अद्याप न सुटलेली सून. ‘सामान्यतः रहिवासी’ या कायद्यातील दोन शब्दांच्या फटीत ही सारी मंडळी अडकली आहेत. सतराव्या वर्षी आगाऊ अर्ज देण्याची सोय २०२२ पासून आहे. पण ती अर्जदाराच्या खटपटीवर सोडिली आहे. बारावीच्या परीक्षेचा अर्ज भरताना मुलाची जन्मतारीख, पत्ता आणि छायाचित्र सरकारच्या हाती येतेच. त्याच टेबलावर ‘नमुना सहा’ ठेवावयास कोणत्या घटनादुरुस्तीची गरज आहे?

वय उतरविण्याची हौसच असेल तर उमेदवाराच्या वयाकडे पाहावे. एकविसाव्या वर्षी मनुष्य सरपंच होतो, गावचा हिशेब राखतो, ग्रामसभेस जबाब देतो. पण विधानसभेस वा लोकसभेस उभे राहावयाचे तर त्यास पंचविशी गाठली पाहिजे. संसदेच्याच स्थायी समितीने २०२३ मध्ये हे वय अठरावर आणण्याची शिफारस केली. आम्ही एकविसावर समाधान मानू.

राहता राहिली महापालिकांची गोष्ट. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक पुरी झाली पाहिजे, असे घटनेचे कलम २४३-यू स्पष्ट सांगते. मुंबई व पुणे या दोन्ही महापालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि तीन वर्षांहून अधिक काळ तेथे प्रशासक बसले. त्या वर्षी एप्रिलात अठरा पुरी केलेला पुण्याचा तरुण आपला पहिला नगरसेवक निवडण्याची वाट पाहत राहिला, आणि एप्रिल २०२५ मध्ये एकवीस वर्षांचा होऊन, नगरसेवकासाठी एकदाही मत न देता, स्वतःच नगरसेवकपदाच्या उमेदवारीस पात्र झाला.