ऐकणारी चेतापेशी घडते कशी? आणि नॉकआउटचा पेपर वाचायचा कसा?

मागच्या आठवड्यात आमच्या जर्नल क्लबमध्ये नव्याने आलेल्या एका मुलीने विचारलं, "सर, उंदरातून एक जनुक काढलं आणि उंदीर बहिरा झाला. म्हणजे ते ऐकण्याचं जनुक, बरोबर ना?" पहिल्या वर्षी मीही अगदी हेच समजत होतो. पीएचडीच्या मुलाखतीत या प्रश्नावर भले भले अडकतात, म्हणून जरा सविस्तर लिहितोय.

आधी थोडी ओळख. आतल्या कानात गोगलगायीच्या शंखासारखा कॉक्लिया असतो. त्यातल्या केसपेशी आवाजाची कंपनं टिपतात, पण मेंदूपर्यंत त्यांची तार जात नाही. निरोप पोचवतात त्या स्पायरल गँग्लियनच्या चेतापेशी. माणसाच्या एका कानात त्या साधारण ३० ते ३५ हजार. विचार करा, डोळ्याच्या मानाने किती थोड्या! आणि एकदा मेल्या की सस्तन प्राण्यांत पुन्हा तयार होत नाहीत. कॉक्लियर इम्प्लांट केसपेशींना वगळून थेट याच चेतापेशींना विजेचा इशारा देतं. त्याच नसतील तर ते इशारा देणार कोणाला? म्हणून त्या घडतात कशा हे कळायला हवं.

गर्भात कानाची सुरुवात एका छोट्या पुटिकेपासून होते. तिच्या भिंतीतल्या काही पेशी बाहेर पडतात आणि चेतापेशी व्हायला निघतात. हा निर्णय न्यूरोजेनिन-१ या जनुकाचा. १९९८ मध्ये हे जनुक काढलेल्या उंदरांवरचा अभ्यास आला: आतल्या कानाच्या चेतापेशी तयारच झाल्या नव्हत्या. म्हणजे जनुक गरजेचं आहे. पण पुरेसं आहे का? तो प्रयोग वेगळा. त्याआधी १९९६ मध्ये बेडकाच्या भ्रूणात न्यूरोजेनिन जास्तीचं घातल्यावर नको तिथेही चेतापेशी उगवल्या होत्या. 'गरजेचं' आणि 'पुरेसं' हे दोन शब्द वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आता गंमत. न्यूरोजेनिन-१ नसलेल्या उंदरात कॉक्लियासुद्धा आखूड राहतो. आता हे जनुक केसपेशींचंही म्हणायचं का? तर नाही. केसपेशी घडवणारं मुख्य जनुक अ‍ॅटोह-१. न्यूरोजेनिन गेलं की केसपेशी होणाऱ्या पेशी वेळेआधीच विभाजन थांबवतात, आणि पुरेशा पेशी साठत नाहीत. एक जनुक काढलं तरी शेजारच्या पेशींचं वेळापत्रक बिघडतं. नॉकआउट उंदरात दिसलेली प्रत्येक गोष्ट त्या जनुकाचं 'काम' नसते, ती यामुळे.

गाटा-३ चं उदाहरण तर मला सगळ्यात आवडतं. माणसात या जनुकाची एक प्रत बिघडली तरी बहिरेपणा, पॅराथायरॉइडची कमतरता आणि मूत्रपिंडाचे दोष असा एकत्र आजार होतो. उंदरातून ते पूर्ण काढलं तर कानाची वाढ सुरुवातीलाच खुंटते. मग चेतापेशींबद्दल काय कळणार? काहीच नाही! म्हणून क्रे नावाचं विकर वापरून ते फक्त चेतापेशींतून काढावं लागलं. तेव्हा दिसलं की चेतापेशी बनतात, पण त्यांची जोडणी गडबडते.

पुढचा प्रश्न, गाटा-३ हे काम कोणाकरवी करून घेतं? हार्वर्डमधल्या लिसा गुडरिच यांच्या गटाने २०१३ मध्ये दाखवलं की त्याच्या हाताखाली माफ-बी आहे. माफ-बी नसेल तर केसपेशीशी जुळणारा सायनॅप्स नीट घडत नाही. आणि गाटा-३ नसलेल्या पेशींना माफ-बी परत दिलं, तर सायनॅप्सचा दोष काही अंशी सुधारतो. 'काही अंशी' याकडे लक्ष द्या. याचा अर्थ गाटा-३ च्या हाताखाली आणखीही कोणी आहे. मुलाखतीत हे एवढं बोललात तरी समोरचे खुर्चीत पुढे सरकतील.

या चेतापेशी सगळ्या सारख्या नसतात, हेही लक्षात असू द्या. सुमारे ९५ टक्के पहिल्या प्रकारच्या, आणि त्यातही तीन उपप्रकार असल्याचं २०१८ मध्ये एकेका पेशीचा आरएनए वाचून वेगवेगळ्या गटांनी दाखवलं. त्यांना नावं दिली आयए, आयबी आणि आयसी. वय वाढलेल्या उंदरांत आयसी जास्त कमी होतात. २०२३ मध्ये कळलं की रन्क्स-१ काढलं तर आयबी आणि आयसी व्हायच्या त्यातल्या बऱ्याच पेशी आयए होतात.

हे सगळं ऐकून ती मुलगी थोडा वेळ गप्प बसली. मग म्हणाली, "म्हणजे मूलपेशींपासून चेतापेशी बनवून कानात सोडायच्या झाल्या, तर न्यूरोजेनिन देऊन भागणार नाही. आयए हवी की आयसी, तेही आधी ठरवावं लागेल." मी तिला म्हटलं, हेच प्रस्तावाच्या पहिल्या परिच्छेदात लिही.