पोलिसाच्या वर्दीतला मिस्टर ऑलिम्पिया

अकाउंटिंगची पदवी हाती, पण मनाजोगी नोकरी मिळेना. म्हणून रॉनी कोलमनने काही काळ पिझ्झाच्या दुकानात काम केलं. मग टेक्सासमधल्या आर्लिंग्टन शहरात तो पोलीस झाला. तिथल्या मेट्रोफ्लेक्स जिमचे मालक ब्रायन डॉब्सन यांनी त्याला फुकट सभासदत्व देऊ केलं. अट एकच, शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरायचं. १९९० मध्ये तो ‘मिस्टर टेक्सास’ झाला.

पुढे १९९८ ते २००५, सलग आठ वेळा मिस्टर ऑलिम्पिया! शरीरसौष्ठवपटू ली हेनीच्या विक्रमाशी बरोबरी, आणि सुरुवातीचे किताब तर पोलिसाची ड्युटी सांभाळून. खांद्यावर ८०० पौंड, म्हणजे सुमारे ३६३ किलो घेऊन त्याने लागोपाठ दोन बैठका मारल्या.

या सगळ्याची किंमत शरीराने मोजली. मणक्यांवर आणि खुब्यांवर अनेक शस्त्रक्रिया झाल्या, चालायला कुबड्या लागल्या. तरीही त्याने व्यायाम सोडला नाही.