कुत्रं किती वर्षं जगतं, हे कशावर ठरतं?

भिलाईच्या सेक्टरांमध्ये क्वार्टरच्या जिन्याखाली एखादं म्हातारं गावठी कुत्रं हमखास पसरलेलं दिसतं. ते पाहून कुणीतरी म्हणतंच, "गावठी जात चिवट, विलायती नाजूक." तुम्हीही ऐकलं असेल. पण एका कुत्र्यावरून असं काही ठरत नाही. पुष्कळ कुत्री मोजावी लागतात आणि प्रत्येकाची काही माहिती लिहून ठेवावी लागते: नर की मादी, आकार केवढा, नाक लांब की चपटं, खाणं किती. कुत्र्यागणिक बदलणाऱ्या अशा प्रत्येक गोष्टीला संख्याशास्त्रात 'चल' म्हणतात.

ब्रिटनमधल्या ५ लाख ८४ हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींचा असा अभ्यास २०२४ मध्ये प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं मिळून आयुष्य निघालं साधारण १२.५ वर्षं. पण चल वेगळे करून पाहिले तेव्हा लहान, लांब नाकाच्या माद्या १३.३ वर्षांपर्यंत पोचत होत्या, तर मध्यम आकाराचे, चपट्या नाकाचे नर जेमतेम ९.१ पर्यंत. चार वर्षांचा फरक! फ्रेंच बुलडॉगसारखं चपटं तोंड गोंडस दिसतं खरं, पण त्याला श्वास घेणंच जड जातं. आपल्याकडच्या मे महिन्यात तर विचारूच नका.

तरी अशा नोंदींवरून कारण लगेच हाती लागत नाही. जातीबरोबर आकार बदलतो, आकाराबरोबर खाणं. म्हणून अमेरिकेत ४८ लॅब्राडोर पिल्लांच्या जोड्या लावल्या. जोडीतल्या एकाला दुसऱ्यापेक्षा २५ टक्के कमी खाऊ घातलं, बाकी सगळं सारखं ठेवलं. कमी खाणारी साधारण १३ वर्षं जगली, जास्त खाणारी ११.२. तेव्हा टेबलाखाली सरकवलेली ती चौथी पोळी प्रेमाची असली, तरी फुकट नसते.

आता जिन्याखालच्या म्हाताऱ्याकडे वळू. कोलकात्याच्या आयसर संस्थेत डॉ. अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०१० ते २०१५ या काळात रस्त्यावरच्या ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. वयात येईपर्यंत जगली फक्त १९ टक्के. म्हणजे शंभरातली ऐंशीएक आपल्याला कधी मोठी झालेली दिसतच नाहीत. आपण उरलेल्यांकडे बघतो आणि म्हणतो, चिवट आहेत! त्याहून बोचणारा आकडा पुढचा आहे: या मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांमागे माणसाचा हात होता. रस्त्यावरच्या कुत्र्यासाठी नाक, आकार, जात हे सगळे चल मागे पडतात. सगळ्यात मोठा चल म्हणजे शेजारी राहणारे आपण.

घरात मुलं असतील तर त्यांना एक वही द्या. थंडीत पिल्लं दिसू लागतात. ब्लॉक, पिल्लांची संख्या, रंग-खुणा, मोठा रस्ता किती जवळ, कुणी खायला घालतं का, एवढे रकाने पुरेत. पिल्लांची आई जवळ असेल तर लांबूनच पाहा. ती चावू शकते. दर रविवारी एक चक्कर मारा. एखादं पिल्लू दिसेनासं झालं की लगेच 'मेलं' लिहू नका, कुणी घरीही नेलं असेल. शेवटचं दिसलं ती तारीख लिहा आणि आजूबाजूला विचारा.